हद्द

आमच्या मंडळीची हद्द कुणी आखलीच नाही.
उगवतीला कादवा, मावळतीला नाला,
खालच्या अंगाला जॅकवेल, वर द्राक्षांचे मांडव,
मधे सतरा घरं
आणि घंटा, तडकलेली.

बाप्तिस्म्याच्या वहीत एकोणसत्तरची पानं नाहीत.
पुराने नेली.
त्या साली जन्मलेला एलीशाकाका म्हणतो,
माझी नोंद नदीकडं आहे, तिलाच विचारा.

पात्र आटलं की सलोमीमावशी
पहिल्या देवळाचा कोनाचा दगड दाखवते.
बायका त्यावर धुणं आपटतात.
फेस ओघळला की अजून वाचता येतं:
देवाच्या गौरवासाठी, सन अठराशे...

पुढचे आकडे
आमच्याच गोधड्यांनी झिजवले.