बोटावरचा आकडा

आमच्या घरात रंगाचं नाव काढायचं नाही अशी शिस्त होती.
तोंडात घास असताना बोलू नये,
तसंच हे.
ओहायोतलं डेटन, नदीच्या अलीकडचं.
पलीकडे कोण राहतं, मी विचारलं एकदा,
तर वडील म्हणाले, "माणसं,"
आणि मीठ मागितलं.
खोटं नव्हतंच ते. फक्त पूल ओलांडून
ते कधी गेले नाहीत.

केवढा अभिमान होता मला त्या उत्तराचा!
पुढे सव्वीस वर्षं रात्रपाळीत तेच म्हणत आले,
मला बाई रंग दिसत नाही,
मला पेशंट दिसतो.

चौथा मजला, खाट अकरा,
लूशस टॉलिव्हर, फ्रिजच्या कारखान्यातून निवृत्त.
"सिस्टर, श्वास पुरत नाहीये."
बोटाला चिमटा लावला. पंच्याण्णव.
"आकडा छान आहे," मी म्हणाले, उशी नीट केली.
पावणेतीनला पुन्हा,
"पुरत नाहीये."
पुन्हा पंच्याण्णव. क्षणभर चौऱ्याण्णव. पुन्हा उशी.
मी त्यांच्याकडे पाहतेय असं मला वाटत होतं.
मी बोटाकडे पाहत होते.

व्हर्लीन चिकटपट्टी मागायला आली होती, शेजारच्या वॉर्डातून.
दारातच थबकली.
मग त्यांना विचारून खालचा ओठ अंगठ्यानं अलगद उलटला,
हिरड्या पाहिल्या, तळहात दिव्याखाली धरला,
आणि माझं नाव न घेता म्हणाली,
"ये. बघ."

ओल्या पाटीचा रंग.

मनगटातून रक्त काढलं. ब्याऐंशी.

चिमट्यातला दिवा कातडीच्या आरपार जातो म्हणे,
आणि गडद कातडीत कधी कधी वाट चुकतो,
आहे त्यापेक्षा बरं सांगतो.
ज्यांनी तो घडवला त्यांनी तो
आपल्याच बोटांवर जुळवून पाहिला असेल.
वाईट माणसं नसतील ती.
माझ्या वडिलांसारखी असतील.
त्यांनाही रंग दिसत नसेल.

टॉलिव्हर वाचले. हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं.

सकाळी कपडे बदलायच्या खोलीत मी रडले.
"मी तशी नाहीये. तुला माहीत आहे ना, व्हर्लीन,
मी तशी नाहीये."
तिनं एक बूट काढला. दुसरा काढला.
पायाची बोटं जरा चोळली.
"मार्नी, माझी ड्यूटी संपलीय," म्हणाली.

उन्हाळ्यात हॉस्पिटलनं बिल्ले वाटले,
'मी सोबत आहे'.
मी लावला, छातीच्या डाव्या बाजूला.
लिफ्टमध्ये व्हर्लीननं तो वाचला, सावकाश,
आणि विचारलं,
"कुठपर्यंत?"

तिसरा मजला आला. ती उतरली.

मग ती बैठक.
मोठ्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, प्रसंगावधान वगैरे.
टाळ्या पडल्या. त्या संपेपर्यंत मी गप्प होते
(तेवढं गप्प राहणंही मोजायला हवं),
मग उठले. "व्हर्लीननं ओळखलं.
मी दोनदा आकडा वाचला आणि उशी नीट केली."
वाटलं, हा घ्या पूल, ओलांडला मी.

जिन्यात तिनं मला गाठलं.
"आधी मला विचारायचंस.
आता कमिटीवर मलाच बसवतील वर्षभर,
बिनपगारी."
बसवलं.
काय बोलावं मला सुचलं नाही.
पुढच्या गुरुवारी तिच्या चार खाटा मी घेतल्या, त्याच्या पुढच्याही.
ती थँक्यू म्हणाली नाही. म्हणायचं कारणही नव्हतं.

आता मी चिमटा लावते, आणि मग विचारते,
"ओठ बघू का जरा? तळहात?"
सव्वीस वर्षं उशिरा शिकतेय
जांभळट म्हणजे कसा, राखाडी कुठे सुरू होतो,
कुणाचा नेहमीचा रंग कोणता.
चुकते. दिवा जवळ घेते.

टॉलिव्हर घरी गेले त्या दिवशी
मुलगी चाकांची खुर्ची ढकलत होती.
दारापाशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं,
मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
"सिस्टर," म्हणाले,
"उशी मात्र तुम्ही फार छान लावली होतीत."