काटा

छावणीतल्या अफूच्या काट्यावर
विसाजी तारळेकर आकडे मांडायचे.
माल माळव्याचा, हमाल माळव्याचे,
वजनं तेवढी विलायतेची.

पेटीमागे कर किती, ते तोंडपाठ.
पेट्या मुंबईला जात, पुढे बोटीवर.
चीन कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं,
वहीत त्याला रकानाच नव्हता.

एकदा पेटी उचलणाऱ्या एकाची बोटं
त्यांच्या नजरेत भरली.
लांब, बारीक, ओझ्याला न शोभणारी.
"कोष्टी का रे?"
"होतो. महेश्वरचा."
पुढे दोघंही बोलले नाहीत.
विसाजींचं धोतर नवं होतं,
मँचेस्टरचा निळा शिक्का
अजून पहिल्या धुण्यातही न गेलेला.

घरी आले तर धाकटी रडत होती.
बायकोनं मोहरीएवढी गोळी
दुधात कालवून पाजली.
"रोज देतेस?"
"सगळ्याच देतात."

रात्री त्यांनी दिवा जवळ ओढला,
वहीच्या शेवटच्या पानावर
ती मोहरी लिहायला घेतली.
माल: अफू.
वजन:
लेखणीवरची शाई वाळली.
खान नदीकडून वारा येत होता
आणि पोर
फारच शांत झोपली होती.