चुकलेल्या नावावरून

डिसेंबरात पुंता अरेनासला रात्री साडेदहालाही उजेड असतो
आणि वारा असा, की चौकात बांधलेले दोर धरून
म्हातारी माणसं रस्ता ओलांडतात.
येर्को ग्लासिनोविच खिडकीची कडी दोनदा तपासतो,
चष्मा स्वेटरला पुसतो
आणि यादी उघडतो:
चुकीची नावं, एकशे बारा.

विश्वकोशात त्याचं काम एवढंच.
लेख तो लिहीत नाही.
लिहिता येत नाही म्हणतो, आणि खरंच येत नाही.
कुणी भलतंच नाव टाइप करून आलं
तर त्याला न हटकता, न हसता
बरोबर पानाच्या दाराशी नेऊन सोडायचं.
औषधाच्या दुकानात एकतीस वर्षं दुसरं काय केलं त्याने?
लोक तोंडाला येईल ते नाव सांगायचे गोळीचं,
तो हवी ती काढून द्यायचा.

नियम आहेत, अर्थात.
जुनं नाव ही चूक नव्हे. टोपणनाव ही चूक नव्हे.
अक्षर गळालं असेल तर एक खूण,
नाव मुळातच दुसऱ्या कुणाचं असेल तर वेगळी.
आणि चुकीवरून चुकीकडे, मग बरोबरकडे
अशी दुहेरी वाट ठेवायची नाही,
वाचक मधल्याच पायरीवर अडकतो.
परवा एक नदी स्वतःकडेच वळवलेली सापडली.
ती सोडवताना तो एकटाच मोठ्याने हसला.

आज वगळायच्या यादीत एक बेट आहे.
खरं नाव एउलालिया.
चुकीचं, एउलोहिया.
मागणी वायादोलिदच्या एका तरुणाची, नम्र, मुद्देसूद:
असं नाव कुठल्याही नकाशावर नाही, कधी नव्हतं,
चुकीला पान कशाला?

मुद्दा बरोबर आहे.
येर्को भेटींचे आकडे काढतो.
महिन्याला एक. फक्त एक.
नऊ तारखेला, नाहीतर दहाला.

नऊ ऑगस्टला, फार वर्षांपूर्वी,
बंदराच्या कचेरीत कुणीतरी वायरलेसवर नाव नीट ऐकलं नाही.
एर्नेस्तिनाला जो कागद मिळाला त्यावर होतं:
एउलोहिया बेटाच्या उत्तरेस.
होडीचं नाव मात्र बिनचूक. नवऱ्याचंही.
झोपेच्या गोळ्या घ्यायला यायची तेव्हा
चिठ्ठी काढताना तो कागदही पर्समधून वर यायचा,
घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.
ती सांगायची, त्या बेटावर म्हणे झाडं नाहीत.
येर्को एउलोहियाच म्हणायचा, तिच्यासमोर.

तीच असेल असं नाही.
कुणी शाळकरी पोर असेल, एखादं यंत्र असेल
ठरल्या तारखेला फेरी मारणारं.
तो विचारणार नाही.
तसं विचारायची सोयही नाही.

त्याच्या बापाने नोंदणीच्या खिडकीत सांगितलं होतं येर्को,
बेटावरून आणलेलं, आजोबांचं नाव.
कारकुनाने कानाला पटेल ते पहिलं अक्षर घातलं.
घरच्या बायबलात एक येर्को, सरकारदरबारी दुसराच.
बाप म्हणाला, जाऊ दे, हाक तर तीच ऐकू येते.

बाहेर कुणाचा तरी पत्रा सुटलाय, आपटतोय.
चुकीला नावं ठेवणारे पुष्कळ,
येर्को चुकीचं नाव ठेवतो.
लिहितो: ठेवा. निरुपद्रवी. वापरात आहे.
पुरावा काय, असं तो तरुण विचारणार, विचारू दे.
‘चुकीचे नाव’ ही खूण तो काढत नाही,
उलट ती नव्हती, ती लावतो.
चूक ती चूकच, तेवढं खोटं कशाला बोला.

मग चहाचं पाणी ठेवतो
आणि पुढचं बघतो, एकशे अकरा उरलीत:
एक अळंबी,
जिला कुणीतरी मासा समजलंय.