मऊ, टणक, रिओ

काल रात्री उरलेली कॉफी मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतली,
बारा खाचांत बारा काळे चौकोन.
शेजारी प्राता केळ्यांच्या चकत्या,
एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कागदावर पसरलेल्या,
आणि फ्रीझरचं दार गुडघ्यानं लोटलं.

डॉक्टर म्हणाली होती: गरम नको, चावायचं काही नको.
वार्जिन्याच्या माणसाला सकाळी गरम नको म्हणणं
म्हणजे चुलीला सांगणं, धूर पोटात ठेव.

बाबांनी एकेचाळीस वर्षं कॉफी चाखली,
गिळली मात्र नाही.
गोल फिरतं टेबल, त्यावर पेले.
चमच्यानं उचलायची, सुर्रकन ओढायची,
गुडघ्याशी उभ्या पिकदाणीत थुंकायची,
आणि एकच शब्द: मऊ. टणक. रिओ.
रिओ म्हणजे औषधाचा वास मारणारी, वाया गेलेली.
त्या शब्दावर कुणाचं तरी वर्ष
मातीमोल व्हायचं.
घरीही तेच. आईचा भात: मऊ.
माझा पहिला नवरा: रिओ.

किरणं देऊन झाल्यावर एकदा म्हणाले,
"जुसारा, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं गं."
त्यानंतर कशालाच शब्द लावला नाही.

पावणेसहा. कुंपणापलीकडे ओझिअल कोंबड्यांना शिव्या देतोय.
भांड्यात चौकोन, केळी, थोडं दूध,
रापादुराच्या ढेपेतून किसलेला चिमूटभर गूळ.
मिक्सर आधी नुसता खडखडतो,
झाकणावर तळहात दाबून धरावा लागतो,
मग आवाज एकदम खाली येतो, जड होतो,
आणि मधोमध भोवरा पडतो
ओल्या मातीच्या रंगाचा.

एव्हान्द्रोची मुलगी यावर नक्षी काढते:
बदामाचे काप, खोबरं, भाजलेले ओट्स, मग फोटो.
माझाही हात बरणीकडे गेला होता.
आवरला.
चमच्याच्या पाठीनं नुसतं सारखं केलं
आणि वर ठेवली कॉफीची एक बी,
ओळख पटावी म्हणून.

बाबांनी खिशातून स्वतःचा चमचा काढला,
तोच, कडा झिजलेला.
मी न विचारता एक रिकामा डबा त्यांच्या पायाशी ठेवला.
त्यांनी वाडगा नाकाशी नेला. थांबले.
सवयीनं सुर्रकन ओढायला गेले
आणि तो घट्ट गोळा काही हलेना.
मी हसले. तेही, अर्ध्या तोंडानं.

मग डोळे मिटले.
गालातून दिसत होतं, जीभ कामाला लागलीय,
निवृत्त कारकुनानं जुनी खाती चाळावीत तशी.

डबा कोरडाच राहिला.
गिळताना त्यांचा हात टेबलाची कड घट्ट धरतो,
ते मी पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं.

"टणक," म्हणाले.
जरा वेळानं, "केळं फार बोलतंय."
मग, "कुठली आहे ही?"
सुपरमार्केटमधली, मी म्हटलं. सवलतीची.
"वाटलंच."
पुढचा चमचा. त्याच्या पुढचा.

तळाशी बी उरली. ती चिमटीत धरून
खिडकीच्या उजेडात उलटसुलट पाहिली,
कुणाची तरी तक्रार ऐकून घ्यावी तशी,
आणि खिशात टाकली.

पात्याला केळ्याचा धागा गुंडाळला होता.
तो सोडवताना मी नळ अगदी बारीक ठेवला,
ते आणखी काही म्हणाले
तर ऐकू यावं.