पंचवीस मायक्रोग्रॅम

मानेवाड्यात पंचेचाळीस डिग्री
आणि मी म्हणते, कूलर बंद कर.
यशोधर मुकाट बटण दाबतो,
माझ्या पायांवर चादर टाकतो,
उशी घेऊन गच्चीवर जातो.

साडेपाचला गोळी, साध्या पाण्यासोबत.
मग तासभर चहा नाही.
केवढा असतो तो तास, बाप्पा!
कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री उकळायला लागते,
मी कंगव्यातले केस
मोजायचे नाहीत असं ठरवून
मोजते.

अकरावा दिवस. फरक? नाही.
डॉक्टर म्हणाल्या, सहा आठवडे, मग पुन्हा रक्त.
खोब्रागडेकाकू म्हणतात,
काहून झोपून राहता वो एवढ्या?

आज ओट्याला टेकून उभी होते,
डोळे अर्धे मिटलेले.
दूध वर आलं
आणि उतू जायच्या आत
हात पोचला.