शंभर टक्के

श्रूजबरीच्या दफ्तरखान्यात, तळमजल्यावर,
ग्वेनेथ प्रॉसर जुन्या नकाशांतली शेतं
एकेक करून संगणकात उतरवतात:
बांध, फाटकं, कुंपणं, शेतांची नावं.
तक्रारीत त्यांनी एवढंच लिहिलं होतं,
"दोन पडदे आहेत. एक खोटं बोलतो.
कोणता, ते मला कळत नाही."

मी हत्यारं घेऊन गेलो. म्हणजे काय,
एक पेन ड्राइव्ह आणि खिशात आलेपाकाच्या दोन वड्या.

डावीकडे नवा लॅपटॉप. वीत-दीड वीत काच,
पण ठिपके असे दाटलेले, जशी राळ्याची रास.
उजवीकडे जुना मॉनिटर, ऐसपैस,
ठिपके सुटे सुटे, वाळत घातलेले हरभरे.
बाईंनी नकाशाची खिडकी इकडून तिकडे ओढली.
शिवेवर ती लोंबकळली,
इकडे मुंगी, तिकडे हत्ती,
आणि निम्म्याहून पुढे सरकताच
दचकून अंग चोरून बसली.

मी म्हटलं, इथले शंभर टक्के
आणि तिथले शंभर टक्के एक नव्हेत.
माझ्या भाषेत शंभर टक्के म्हणजे अगदी शपथेवर.
इथे फक्त ठिपक्यास ठिपका.
"मग शपथ कोणी घ्यायची?" त्या म्हणाल्या.

बाणही अडत होता.
वरून नेला तर सहज पार,
खालून नेला की काठावर थडकून उभा,
बंद फाटकासमोर गाय उभी राहावी तसा.
मांडणी उघडली. तिथे सगळं उलटं:
लहान लॅपटॉपचा चौकोन मोठा,
मोठा मॉनिटर त्याच्या निम्मा,
कारण यंत्र ठिपके मोजतं, काच मोजत नाही.
मी धाकट्या चौकोनाला खाली ओढलं,
तळाला तळ लावला.
वरच्या अर्ध्या काठाला भिंत राहिलीच.
"तिथून जाऊ नका," मी म्हटलं. दुसरा इलाज नव्हता.

मग डावीकडे अडीचशे, उजवीकडे शंभर,
आणि नकाशाच्या त्या म्हाताऱ्या प्रोग्रामला
त्याच्या गुणधर्मांत शिरून बजावलं,
स्वतःचं माप स्वतः घे,
दुसऱ्याने ताणलेलं अंगावर घालू नकोस.
आता एकदा बाहेर पडून परत आत या.

संगणक परत येईतो त्यांनी चहा केला.
तीन वर्षांत दोनदा चष्मा बदलला, म्हणाल्या.
मानेसाठी दर गुरुवारी एका मुलीकडे जातात,
ती म्हणते, तुम्ही कोणाकडे तरी वाकून बघताय सारख्या.
(माझ्या घरच्या टेबलावरही दोन पडदे आहेत,
गेल्या मार्चपासून तसेच. दिव्याखाली अंधार.)

नकाशा उघडला. रेघा
नुकत्या टाक केलेल्या पेन्सिलीच्या.
बाई काही बोलल्या नाहीत.
काउ लेझो नावाच्या शेताच्या कोपऱ्यात
त्यांनी बोट ठेवलं, काचेला न लावता.
तिथे एक ठिपका होता. ठिपका नव्हता,
पोकळ वर्तुळ होतं, आणि शेजारी
तिळाएवढं एक अक्षर.
"विहीर," त्या म्हणाल्या.
"आणि मी हिला शाईचा डाग समजून पुसत आले."

किती पुसल्या, मी विचारलं.
त्यांनी यादी उघडली.
अकराशे बेचाळीस शेतं,
सगळ्यांसमोर हिरवी खूण: तपासलं.
कप बाजूला सारून
त्यांनी पहिल्या शेताची खूण काढली.
मग दुसऱ्याची.

वर येऊन मी तक्रार बंद केली.
कारण: मापाचा गोंधळ. लागलेला वेळ: चाळीस मिनिटं.
स्थिती: सुटली.

पाचला त्यांचा निरोप आला, दोन शब्दांचा,
"सात विहिरी."
दुसऱ्या दिवशी, "चार. आणि एक तळं."
शुक्रवारी काहीच आलं नाही.
मी जिन्यावरून डोकावलो.
त्या सरळ बसल्या होत्या,
पाठ खुर्चीला टेकून,
आणि उजव्या पडद्यावर एक शेत
इतकं मोठं केलेलं होतं
की त्यात शेत उरलंच नव्हतं,
नुसता कागदाचा पोत.