खरेदीची अक्षरं

पाचव्या दिवशी पाणी यायचं होतं, नेमकी त्याच दिवशी
अक्कलकोट रोड एमआयडीसीत मुलाखत.
पिंप, हंडे, बादल्या आईच्या हवाली करून निघाले.
फाइलमध्ये नऊ वर्षांचं अनुभवपत्र,
त्यात आडनाव चुकलेलं. यमूलचं यमाल.

हत्तुरेसाहेबांच्या केबिनमध्ये एसी इतका गार
की मे महिना दाराबाहेरच चपला काढून बसलेला.

बसा. यमूल म्हणजे अशोक चौकाकडचे?
त्याच बाजूचे.
वडील?
मागावर होते.
होते म्हणजे?
वडील आहेत, माग नाही.
आई?
विड्या वळते.
बरं. लग्न?
भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात
कंपनीच्याच टॉवेलात गुंडाळलेलं एक गोरं बाळ.
लग्न ठरलं की सोडणार नाही ना?
मागची मुलगी अशीच गेली, सहा महिन्यांत, पुण्याला.
मी म्हणाले, मागची मुलगी मी नाही.
ते हसले. मला वाटलं, संपलं.

मग चष्मा पुसत, चहा घेणार का विचारावं तसं,
सध्या किती मिळतात?

(चहा मात्र विचारला नव्हता.)

आमच्या गल्लीत कुणाचीच कमाई झाकलेली नव्हती.
हजार विडीला किती, छाट किती निघाली,
कारखान्याच्या खिडकीशी सगळ्यांसमोर मोजायचे.
हप्त्याच्या संध्याकाळी कुणाकडून खिम्याचा वास यायचा,
कुणाकडून नाही, आणि तेवढ्यावर
पोरासोरांनासुद्धा हिशेब कळायचा.
मी शिकले ती काहीशी याच्यासाठी,
की माझा आकडा बंद पाकिटात यावा.

म्हणाले, या कामाचे तुम्ही किती देणार ते सांगा ना.
तसं नसतं, ते म्हणाले. तीन महिन्यांच्या स्लिपा आणा,
बँकेचं स्टेटमेंट. त्यावर आम्ही दहा टक्के वाढवतो.
सगळ्यांनाच.

म्हणजे जुन्या मालकाने काटा मारला,
आणि हे त्याच काट्यावर मला पुन्हा तोलणार.

टेबलावर नमुन्याची चादर होती, मोराची,
कोपऱ्याला चिठ्ठी. विक्री आकड्यात,
खाली बारीक पेनाने तीन अक्षरं. म, ल, र.
नऊ वर्षं मी अशाच चिठ्ठ्या लिहिते आहे.
प्रत्येक पेढीचा दहा अक्षरांचा एक शब्द असतो,
एकही अक्षर दुबार नसलेला,
खरेदी त्यातच लिहायची.
गिऱ्हाइकाने चादर कितीही उलटीपालटी केली
तरी त्याला नुसती बाराखडी दिसते.
आमच्या पेढीचा शब्द मी आजवर कुणाला सांगितला नाही,
इथेही सांगणार नाही.

चिठ्ठीवर बोट ठेवलं.
साहेब, ही तुम्हाला कितीला पडली?

एसीचा आवाज ऐकू यायला लागला.
ते आमचं अंतर्गत आहे, ते म्हणाले.
मी म्हणाले, हो.
एवढंच. पुढे काही सुचलंच नाही.
रिक्षात बसल्यावर सुचली सात उत्तरं,
एकाहून एक, सगळी वाया.

कळवतो म्हणाले.
आज सोळा दिवस झाले. पाणी तीनदा येऊन गेलं.

त्या दुपारी घरी आले तर पिंप काठोकाठ,
आईचा पदर ओला, मांडीवर सूप, बोटांना तंबाखू.
एंता? तिने विचारलं. आमच्या तेलुगूत
किती हे एवढ्याशा शब्दात मावतं.
त्यांनी सांगितलं नाही, म्हटलं.
त्यांचं नाही गं. तुझं. आत्ता.

नऊ वर्षं घरात पैसे देते, आकडा देत नाही.
घरकुलाच्या भिंती पातळ,
आणि आईला नळावर बोलायची सवय.

दार लोटलं. खाली वाकून
तिच्या कानात सांगितलं, पै न चोरता.

तिने हातातली विडी पुरी वळली,
दोरा गुंडाळला, तोंड दुमडलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
इंतेना?
एवढेच?